लुई पाश्चर : उजव्या-डाव्या रेणूंची ओळख पटवणारे शास्त्रज्ञ

लुई पाश्चर हे नाव दररोज सकाळी आपल्या घरी येते. दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ असा जो शब्द छापलेला असतो, तो त्यांच्याच नावावरून पडला आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर लस शोधणारे शास्त्रज्ञ म्हणूनही आपण त्यांना शाळेच्या पुस्तकापासून ओळखतो. परंतु पाश्चर हे वैद्य नव्हते. ते रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या साऱ्या कार्याचा उगम एका फ्रेंच प्रयोगशाळेतील मिठासारख्या दिसणाऱ्या बारीक स्फटिकांत होता. त्यांच्या जीवनाची ही पहिली बाजू सहसा सांगितली जात नाही. आज औषधे बनवताना निसर्गाची हानी कमी व्हावी म्हणून जगभर जे प्रयत्न चालले आहेत, त्यांचे एक मूळ ह्याच बाजूत आहे.

ती समजून घेण्यासाठी वाचकांनी क्षणभर प्रार्थनेसाठी जोडतात तसे आपले हात जोडून पाहावेत. दोन्ही तळहात समोरासमोर नेमके जुळतात, कारण एक हात दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब आहे. पण तेच हात एकाच दिशेला तळवे करून एकावर एक ठेवले, तर अंगठे विरुद्ध बाजूंना जातात. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात बसत नाही, तेही ह्याच कारणाने. पदार्थाचा सर्वांत लहान कण म्हणजे रेणू. अशा रेणूंनाही उजवे-डावेपण असते, ही गोष्ट पाश्चर ह्यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी जगाला दाखवून दिली.

आर्ब्वा गावातील बालपण

लुई पाश्चर ह्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्सच्या पूर्वेकडील ज्यूरा प्रांतातील दोल ह्या गावी झाला. त्यांचे वडील जाँ-जोसेफ हे नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते आणि शौर्याबद्दल त्यांना सन्मानपदकही मिळाले होते. सैन्यातून परतल्यावर त्यांनी कातडी कमावण्याचा आपला पिढीजात व्यवसाय पुन्हा सुरू केला. पुढे हे कुटुंब द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आर्ब्वा गावी स्थायिक झाले.

बाळ लुई शाळेत फारसा चमकला नाही. त्याला चित्रकलेची आवड होती. आईवडिलांची आणि शेजाऱ्यांची त्याने रंगीत खडूंनी काढलेली चित्रे आजही जतन केलेली आहेत. समोरची वस्तू टक लावून न्याहाळण्याची सवय त्याला बहुधा तेथेच लागली असावी. १८३८ साली शिक्षणासाठी त्याला पॅरिसला पाठवण्यात आले, पण घरच्या आठवणीने तो इतका व्याकूळ झाला की वडिलांना त्याला परत आणावे लागले. पुढे १८४२ साली विज्ञानाची पदवी मिळाली, तेव्हा रसायनशास्त्रातील त्याची कामगिरी साधारण अशीच नोंदली गेली. पॅरिसच्या एकोल नॉर्माल ह्या नामांकित संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत तो उत्तीर्ण झाला होता, तरी मिळालेल्या क्रमांकावर समाधान न मानता त्याने पुन्हा परीक्षा दिली आणि १८४३ साली वरच्या क्रमांकाने प्रवेश मिळवला.

द्राक्षारसाच्या पिंपातील कोडे

द्राक्षारस पिंपात मुरत असता पिंपाच्या आतल्या बाजूवर एक खवलेदार थर जमतो. त्यापासून जे आम्ल मिळते त्याला टार्टरिक आम्ल म्हणतात. आपल्या चिंचेचा आंबटपणाही ह्याच आम्लाचा असल्यामुळे मराठीत त्याला चिंचाम्ल असे सार्थ नाव आहे. वेदीवर अर्पण होणारा द्राक्षारस आणि आपल्या कालवणातील चिंच ह्यांत हे एक नाते आहे.

त्या काळी द्राक्षांच्या ह्याच उद्योगात आणखी एक आम्ल सापडले होते. घटक तेच, त्यांचे प्रमाण तेच. पण एका बाबतीत ते वेगळे होते. प्रकाशाची कंपने एरवी सर्व दिशांना होत असतात. विशिष्ट स्फटिकातून प्रकाश पाठवला की ती एकाच पातळीत राहतात. असा प्रकाश चिंचाम्लाच्या द्रावणातून गेला तर त्याची पातळी उजवीकडे वळते. ह्या दुसऱ्या आम्लातून मात्र तो सरळ जातो, मुळीच वळत नाही. मिट्शरलिख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४४ साली जाहीर केले होते की, ह्या दोन आम्लांच्या एका विशिष्ट क्षाराचे स्फटिक सर्व बाबतींत एकसारखे आहेत. सर्व काही सारखे असताना प्रकाशाच्या बाबतीत फरक कसा, हा प्रश्न पाश्चर ह्यांच्या मनात घर करून बसला.

१८४८ च्या वसंत ऋतूत ते बालार ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. भिंगातून चिंचाम्लाच्या क्षाराचे स्फटिक पाहताना त्यांना प्रत्येक स्फटिकावर एक चिमुकला तिरपा पैलू दिसला. सगळे पैलू एकाच बाजूला झुकलेले होते. मिट्शरलिख ह्यांच्या नजरेतून ही गोष्ट निसटली होती. मग दुसऱ्या आम्लाच्या स्फटिकांवर असे पैलू नसणार, अशी पाश्चर ह्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पैलू तेथेही होते. पण काही स्फटिकांवर ते उजवीकडे होते, तर काहींवर डावीकडे.

पाश्चर ह्यांनी एकेक स्फटिक निवडून दोन ढीग केले आणि ते वेगवेगळे पाण्यात विरघळवले. एका द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, तर दुसऱ्याने तितकाच डावीकडे. दोन्ही समप्रमाणात मिसळली तेव्हा प्रकाश सरळ गेला. कोडे सुटले होते. ते दुसरे आम्ल म्हणजे उजव्या आणि डाव्या रेणूंचे निम्मे-निम्मे मिश्रण होते. आनंदाच्या भरात ते प्रयोगशाळेबाहेर धावले आणि समोर भेटलेल्या सहकाऱ्याला त्यांनी मिठी मारली, असे सांगतात.

ह्यात दैवाचाही वाटा होता. हा क्षार साधारण २७-२८ अंश सेल्सिअसपेक्षा थंड हवेतच अशा वेगवेगळ्या स्फटिकांत जमतो. आपल्या कोकणच्या उन्हाळ्यात हाच प्रयोग फसला असता. पण पॅरिसची थंड हवा इतरांनाही लाभलीच होती. तो लहानसा पैलू मात्र पाश्चर ह्यांनाच दिसला.

वृद्ध गुरूची परीक्षा

ही वार्ता ज्यां-बातिस्त ब्यो ह्यांच्या कानी गेली. द्रवरूप सेंद्रिय पदार्थ प्रकाश वळवतात हा शोध त्यांनीच १८१५ साली लावला होता. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि एका तरुणाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास तयार नव्हते. त्यांनी पाश्चर ह्यांना बोलावून घेतले, स्वतः तपासलेले आम्ल दिले आणि आपल्या डोळ्यांदेखत क्षार तयार करायला लावला. द्रावण त्यांनी आपल्याजवळच ठेवून घेतले. काही दिवसांनी स्फटिक जमले, तेव्हा पाश्चर ह्यांनी त्यांच्यासमोर ते निवडले. पुढील द्रावणे ब्यो ह्यांनी स्वतः बनवली आणि प्रथम डावीकडे वळवणारे द्रावण उपकरणात ठेवले. निकाल दिसताच तो वृद्ध शास्त्रज्ञ गहिवरला. त्या दिवसापासून ब्यो हे पाश्चर ह्यांचे आधारस्तंभ झाले. त्याच मे महिन्यात पाश्चर ह्यांच्या मातेचे निधन झाले. मुलाच्या कीर्तीचे दिवस पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

सिंकोना आणि बुरशी

१८४९ साली पाश्चर स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात रुजू झाले. तेथील शिक्षणप्रमुखांची कन्या मारी लोराँ हिच्याशी २९ मे १८४९ रोजी त्यांचा विवाह झाला. मारी ह्यांनी पतीचे लेखन उतरवून घेतले, संसार सांभाळला आणि अखेरपर्यंत त्यांच्या संशोधनाला साथ दिली.

हाताने स्फटिक निवडणे हे किचकट काम होते आणि फार थोड्या पदार्थांच्या बाबतीत ते शक्य होते. पाश्चर ह्यांनी दुसरा मार्ग शोधला. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना वृक्षाची साल हिवतापावर गुणकारी असते आणि युरोपला तिची ओळख करून देण्यात येशूसंघीय मिशनऱ्यांचा मोठा वाटा होता. ह्या सालीतील द्रव्यांपासून बनवलेले पदार्थ स्वतः एकाच हाताचे असतात. १८५३ साली पाश्चर ह्यांनी त्यांचा संयोग त्या मिश्र आम्लाशी घडवला. उजव्या आम्लाशी झालेली जोडी आणि डाव्या आम्लाशी झालेली जोडी ह्यांचे गुणधर्म वेगळे निघाले. एक लवकर स्फटिकरूप झाली, तर दुसरी द्रावणात राहिली. अंधारात हस्तांदोलन केले तरी समोरच्याने उजवा हात दिला की डावा हे आपल्याला कळते. तसाच हा प्रकार होता. एका रेणूने दुसऱ्याला त्याच्या आकारावरून ओळखले होते. ही पद्धत औषधनिर्मितीत आजही वापरली जाते.

त्यानंतरची पायरी ह्याहूनही नवलाची होती. १८५७ ते १८६० ह्या काळात त्यांना दिसून आले की, मिश्र आम्लाच्या क्षाराचे द्रावण आंबू लागले की ते हळूहळू प्रकाश डावीकडे वळवू लागते. शिळ्या अन्नावर येते त्या जातीच्या बुरशीने द्रावणातील उजवे आम्ल खाऊन टाकले होते आणि डाव्याला जवळपास तसेच सोडले होते. बुरशीला ना भिंग होते, ना उपकरण. तरी तिने उजवे-डावे अचूक ओळखले. जिवंत पेशींची स्वतःची घडणच एका हाताची असली पाहिजे, असे पाश्चर ह्यांनी ताडले.

ह्याच वाटेने ते सूक्ष्मजंतूंकडे आले. १८५४ पासून ते उत्तर फ्रान्समधील लील येथे होते. तेथे बीटपासून अल्कोहोल बनवणाऱ्या एका कारखानदाराने बिघडलेल्या मालाची तक्रार त्यांच्याकडे आणली. आंबवणीत तयार होणारे काही पदार्थ प्रकाश वळवतात हे पाश्चर ह्यांना ठाऊक होते. असे पदार्थ केवळ सडण्याने बनणार नाहीत, तेथे काहीतरी जिवंत असलेच पाहिजे, असा त्यांचा तर्क होता आणि तो खरा ठरला. दुधाचे पाश्चरीकरण, रोगजंतूंचे शास्त्र आणि लसी हे सारे पुढे ह्याच तर्कातून उभे राहिले.

घरातील शोक

कीर्ती वाढत असता घरात एकामागून एक आघात होत होते. थोरली मुलगी जान १८५९ साली विषमज्वराने गेली. ती नऊ वर्षांची होती. १८६५ साली वडील वारले आणि त्याच वर्षी दोन वर्षांची कामिय दगावली. १८६६ साली बारा वर्षांच्या सेसिललाही विषमज्वराने हिरावून नेले. त्या वेळी पाश्चर दक्षिण फ्रान्समध्ये रेशमाच्या किड्यांच्या रोगाचे निदान करण्यात गुंतले होते. पाच अपत्यांपैकी दोनच उरली. ऑक्टोबर १८६८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. त्यांचे वय तेव्हा पंचेचाळीस होते. ज्या कामांसाठी जग त्यांना ओळखते, त्यांपैकी पुष्कळशी त्यांनी ह्यानंतर केली.

६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातून आलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्तर ह्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस टोचण्यात आली आणि तो वाचला. स्वतःची तीन लेकरे गमावलेल्या पित्याने त्या दिवसांत कसल्या यातना भोगल्या असतील, ह्याची कल्पना कोणाही आईवडिलांना येईल. ज्या विषमज्वराने त्यांच्या दोन मुली नेल्या, त्यावरील लस मात्र त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १८९६ साली, इतरांच्या हातून आली.

गोड आणि बेचव

१८८६ साली, सारे जग लसीचे कौतुक करीत असता, पाश्चर पुन्हा एकदा आपल्या रेणूंकडे वळले. आर्नाल्दो प्युत्ती ह्या इटालियन शास्त्रज्ञाने वनस्पतीच्या कोंबांतून अस्पॅराजीन नावाच्या पदार्थाची दोन्ही रूपे मिळवली होती. नेहमीचे रूप बेचव होते, तर त्याचे प्रतिबिंब गोड लागत होते. ह्यावर भाष्य करताना पाश्चर ह्यांनी सुचवले की, चव जाणणारी आपल्या जिभेतील यंत्रणाच एका हाताची असली पाहिजे. औषध शरीरात आपली नेमकी जागा कशी ओळखते, ह्या आजच्या शास्त्राचे बीज त्यात होते. पुढे १८९४ साली जर्मनीतील एमिल फिशर ह्यांनी ह्या ओळखीला कुलूप आणि किल्लीची उपमा दिली.

थोरपण आणि उणिवा

पाश्चर ह्यांच्या हातून चुकाही झाल्या. एका हाताचे रेणू केवळ जीवसृष्टीतच घडू शकतात, प्रयोगशाळेत नाही, असे त्यांचे मत होते. विश्वातील एखादी शक्ती हे डावे-उजवेपण घडवत असावी, ह्या कल्पनेने त्यांनी शक्तिशाली चुंबक वापरून पाहिले, रोपांना उलट दिशेने सूर्यप्रकाश देण्याचीही योजना केली. त्यातून काहीच निघाले नाही.

पहिल्या शोधाच्या वेळी ऑग्युस्त लोराँ ह्या रसायनशास्त्रज्ञाकडून, ज्यांचा पाश्चर ह्यांच्या सासरशी संबंध नव्हता, त्यांना बरेच शिकायला मिळाले होते; पुढे त्यांनी त्या ऋणाचा यथोचित उल्लेख केला नाही. १८८१ साली मेंढ्यांवरील लसीचा जाहीर प्रयोग गाजला, तेव्हा प्रत्यक्षात वापरलेली लस रसायनाने दुर्बळ केलेल्या जंतूंची होती. शामबरलाँ ह्या सहकाऱ्याची ही पद्धत तुसँ ह्या प्रतिस्पर्ध्याच्या पद्धतीशी मिळतीजुळती होती. पाश्चर ह्यांनी मात्र लोकांची समजूत निराळी होऊ दिली. आपल्या टिपणवह्या कोणाला दाखवू नयेत असे त्यांनी कुटुंबीयांना सांगितले होते. नातवाने त्या १९६४ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या आणि पुढे ही हकीकत उजेडात आली.

हे वाचून मन खट्टू होते. परंतु त्या वह्यांनीच त्यांचे अफाट कष्टही उघड केले. लक्षावधी जीव वाचवणारा माणूस मोहापासून मुक्त नव्हता, एवढेच त्यातून दिसते. आणि आपण कोणीच तसे नाही.

आजचे हरित रसायनशास्त्र

पाश्चर ह्यांच्यानंतर १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल ह्यांनी कार्बनच्या अणूभोवतीची रचना मांडली आणि रेणू डावे-उजवे का होतात ते स्पष्ट झाले. परंतु कारखान्यांपुढे एक अडचण राहिली. साध्या कृतीने एखादे औषध बनवले तर उजवे आणि डावे रेणू निम्मे-निम्मे तयार होतात. शरीराला त्यांपैकी एकच हवा असेल तर उरलेला अर्धा माल बहुधा वाया जातो. त्यासाठी वापरलेला कच्चा माल, द्रावके, इंधन सारे व्यर्थ, आणि त्याचा कचरा नदी-नाल्यांच्या वाट्याला. पाश्चर ह्यांच्या बुरशीनेही अर्धे आम्ल खाऊनच उरलेले अर्धे दिले होते. म्हणून हवा तोच हात सुरुवातीपासून घडवणे हे शहाणपणाचे. कचरा निर्माण झाल्यावर तो निस्तरत बसण्यापेक्षा तो होऊच न देणे, हे हरित रसायनशास्त्राचे पहिले सूत्र आहे. त्याची बारा सूत्रे अनास्टास आणि वॉर्नर ह्यांनी १९९८ साली मांडली.

पाश्चर ह्यांना अशक्य वाटलेली गोष्ट अशा रीतीने साध्य झाली. १९८० साली अमेरिकेतील बॅरी शार्पलेस ह्यांनी एका हाताचे रेणू घडवण्याची जी कृती शोधली, तिच्यात मार्गदर्शकाचे काम करतो तो चिंचाम्लापासून बनलेला पदार्थ! २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन हे औषध आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्याच्या निर्मितीत पूर्वी ऱ्होडियम ह्या दुर्मीळ धातूचा उत्प्रेरक आणि मोठा दाब लागत असे. मर्क आणि कोडेक्सिस ह्या कंपन्यांनी त्याऐवजी सुधारलेले एन्झाइम, म्हणजेच विकर, कामाला लावले. ते हव्या त्या हाताचाच रेणू घडवते. त्यामुळे एकूण कचरा १९ टक्क्यांनी घटला आणि जड धातूची गरज उरली नाही. ह्या कार्याला २०१० साली अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. बुरशीकडून घेतलेला पाश्चर ह्यांचा धडा दीडशे वर्षांनी कारखान्यात पोहोचला.

अखेरचे दिवस

१४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिस येथे पाश्चर संस्थेचे उद्घाटन झाले. ह्याच संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईला आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने उभी आहे.

पाश्चर ह्यांच्या श्रद्धेविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यांच्या नावावर फिरणाऱ्या कित्येक भक्तिपर वाक्यांना त्यांच्या लेखनात आधार सापडत नाही, म्हणून ती येथे दिलेली नाहीत. त्यांचे जावई आणि चरित्रकार रने व्हालेरी-रादो ह्यांनी नोंदवले आहे की, अखेरच्या वेळी त्यांचा एक हात पत्नीच्या हातात होता आणि दुसऱ्यात क्रूस होता. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी देह ठेवला. ५ ऑक्टोबर रोजी नोत्र-दाम महामंदिरात अंत्यविधी झाला आणि पुढे पाश्चर संस्थेच्या तळघरातील समाधीत त्यांना विसावा मिळाला.

परमेश्वराने निर्माण केलेली सृष्टी किती बारकाईने घडली आहे, ह्याची साक्ष देण्यासाठी पाश्चर ह्यांच्या नावावर वाक्ये रचण्याची गरज नाही. भिंगाखालचा तो तिरपा पैलू पुरेसा आहे. ही सृष्टी जपण्याची जबाबदारी आपल्यावर सोपवलेली आहे. पुढच्या वेळी पवित्र मिस्सेत आपण हात जोडू, तेव्हा समोरासमोर जुळलेल्या त्या दोन तळव्यांकडे पाहून, लेकरांचे दुःख उराशी बाळगून काम करीत राहिलेल्या ह्या माणसाचे कृतज्ञतेने स्मरण करू या.